आठ शेपट्यांचं कार्ड

माझ्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस काउंटरवर कॉम्प्युटर ठेवतो, माझ्याकडे बघतो, मग माझ्या पाठीमागे बघतो आणि विचारतो, "इंजिनियर न्हाईत व्हय?" सुरुवातीला मला राग यायचा. मग मी एक उत्तर ठरवून टाकलं. "जेवायला गेल्यात. बसा, तोवर मी उघडून बघते." गिऱ्हाईक बसतं, चहा पितं, मशीन सुरू होतं, आणि जाताना सांगून जातं, "साहेब आलं की सांगा, बाईनं बरं काम केलं म्हणून." बेळगावातल्या अनगोळच्या माझ्या दुकानातला हा साहेब अजून जेवून यायचाच आहे.

मी मूळची गुंजीची. घरची भातशेती. डिप्लोमा शिकायला रेल्वेनं बेळगावला ये-जा करायचे. आमचे आप्पा गावात सांगायचे, "पोरगी रेडिओ दुरुस्त करायचं शिकाल्या." कॉम्प्युटर म्हणजे काय हे त्यांना समजावायचा नाद मी लवकरच सोडला, कारण रेडिओला गावात मान होता आणि कॉम्प्युटर कुणी बघितला नव्हता.

धंद्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवे कॉम्प्युटर विकणारे बेळगावात पैशाला पासरी आहेत. माझ्याकडे येतात ती बाकीच्यांनी हात टेकलेली मशीनं. वजनकाट्याची, दूध केंद्राची, यंत्रमागाची. या सगळ्यांच्या पाठीला एक जुनं, नऊ टाचण्यांचं तोंड असतं. त्याला सिरियल पोर्ट म्हणतात. त्यातून माहिती एकामागून एक जाते, देवीच्या दर्शनाला बायका रांगेनं जातात तशी. काम सावकाश, पण ढकलाढकली नाही. नव्या कॉम्प्युटरांनी हे तोंड कधीच बंद केलं. काट्याला आणि मागाला मात्र दुसरी भाषा येत नाही, आणि ते कॉम्प्युटरपेक्षा फार चिवट असतात. चार कॉम्प्युटर मरतात तरी माग आपला चालूच. मग या नव्या सुनेचं आणि जुन्या सासूचं जमवून द्यायला कुणीतरी मध्ये लागतं. ती मी.

निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत काट्यावरचं वजन मधूनच आपोआप उडी मारायचं. तंबाखू तेवढीच, वजन भलतंच. मुकादमानं कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली होती. मी स्टूल घेऊन नुसती बसून राहिले. वजनानं उडी मारली की बाहेर विहिरीवरचा पंप सुरू झालेला असायचा. काट्याची केबल गरजेपेक्षा लांब होती, आणि ती लोंबकळताना वाईट दिसते म्हणून कुणीतरी पंपाच्या स्टार्टरभोवती सुबक वेटोळं घालून ठेवली होती. पंप सुरू झाला की केबल बावरायची. मी वेटोळं सोडवलं आणि काम झालं. लिंबू काढा म्हटलं तर मुकादम म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. तुम्ही तुमचं केलासा, लिंबानं लिंबाचं केलं."

दुसरा फोन खानापूरकडच्या एका दूध केंद्राचा. "आक्का, मशीनमधनं आवाज यायलाय."

"कसला आवाज?"

"म्यांव."

मांजर कॅबिनेटच्या उघड्या बाजूनं आत शिरून व्यालं होतं. ऊब असते ना तिथं. मी साफ करायला निघाले तर केंद्राच्या अध्यक्षांनी दोन्ही हात आडवे केले. "डोळं उघडूस्तवर हात लावायचा न्हाय." पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत त्या गावानं दूध हातानं मापलं आणि कुणी कुरकुर केली नाही. अशी गिऱ्हाइकं मिळायला नशीब लागतं.

पण मला खरं सांगायचंय ते वडगावच्या परशूअण्णांच्या कार्डाबद्दल.

परशूअण्णा पिढीजात विणकर. घराच्या मागे पत्र्याची शेड आणि तिच्यात आठ यंत्रमाग. प्रत्येक मागाच्या डोक्यावर जकार्ड असतं. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे ते ठरवतं, म्हणून साडीवर नक्षी उमटते. पूर्वी हे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालायचं. आता प्रत्येक मागाला एक पेटी आहे, आणि पेटीला नक्षी कॉम्प्युटरकडून मिळते, त्याच नऊ टाचण्यांच्या तोंडातून. आठ मागांना आठ तोंडं पाहिजेत, म्हणून कॉम्प्युटरच्या आत एक कार्ड बसवलेलं. कार्डाच्या पाठीला एक जाड केबल, आणि तिला फुटलेल्या आठ शेपट्या. एकेक शेपटी एकेका मागाकडे जाते. पेट्यांची स्वतःची आठवण कधीच मेली, त्यामुळे माग चालू असेपर्यंत कॉम्प्युटरनं नक्षी ओळीओळीनं सांगत राहावी लागते.

दसऱ्याच्या तोंडावर अण्णांचा जुना कॉम्प्युटर गेला. सण उरकला आणि त्यांचा फोन आला. "आक्का, मशीन मेलंय. आठी माग मुकं झाल्यात. आन सुजाताचं लगीन तुळशीच्या लग्नानंतर लगेच धरलंय."

सुजाता त्यांची एकुलती एक लेक. त्यांच्या सगळ्या नक्ष्या हीच पोरगी कॉम्प्युटरवर काढायची. लग्न ठरलं होतं जांबोटीच्या एका शेतकऱ्याच्या घरी. मुलगा बेळगावात नोकरीला, पण घर, शेत, गुरं सगळं जांबोटीला. अण्णांच्या घरात लेक घरच्या मागावरचंच पातळ नेसून बोहल्यावर उभी राहते. सुजातानं आपल्या पातळाची नक्षी स्वतः काढली होती. काठाला धोट्यांची, मागात आडवा धागा घेऊन धावतात त्यांची, रांग आणि पदरावर भाताच्या लोंब्या. धोटे माहेरचे, लोंब्या सासरच्या. मला ती नक्षी पडद्यावर दाखवताना पोरगी लाजली नाही, उलट म्हणाली, "मावशी, लोंबी जरा वाकडी पाहिजे. सरळ लोंबी म्हंजे पोकळ." ती अजून सासरी गेली नव्हती, पण भात तिला कळायला लागला होता.

दुसरा कॉम्प्युटर घेऊन मी वडगावला गेले. त्यावर लिनक्स टाकलं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर चालवणारी ही व्यवस्था कुणा एका कंपनीची नाही. जगभरातले लोक मिळून ती लिहितात, आणि तिच्या आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं. अण्णांचं कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच उठली होती, कार्डाबरोबर आलेली डिस्क हरवली होती, आणि डिस्कशिवाय दुसरी कुठली व्यवस्था त्या कार्डाला ओळख देत नव्हती. लिनक्सला डिस्क लागत नाही. जुनी कार्डं तिला आधीच माहीत असतात. "बसवलं की चाललं," असं मी अण्णांना छाती ठोकून सांगितलं.

बसवलं, आणि काहीच झालं नाही. आत काय काय जोडलंय ते विचारलं तर लिनक्सनं सगळ्यांची नावं सांगितली, कार्डाचं सोडून. मी कार्ड बाहेर काढून उजेडात धरलं. त्याचे जे सोनेरी दात खाचेत बसतात, त्यांच्यावर हळदीकुंकवाची सुबक बोटं उठली होती.

"गौराक्का!" मी हाक मारली.

अण्णांच्या बायको गौराक्का पदराला हात पुसत आल्या. "खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतोय न्हवं? धोट्याला लावलं, मोटारीला लावलं. ह्ये मशीन मेलतं म्हणून ह्यांनी उघडून आतलं ह्ये भाईर काढून ठेवलतं. म्हटलं मेलं म्हणून काय झालं, ह्येला का उपाशी ठेवा? तितं पिवळंधमक दिसालतं, सोनं समजून तितंच लावलं."

मला हसूही येईना आणि रागावताही येईना. शाळेच्या पोरांचं खोडरबर मागवलं. कार्डाचे दात घासायला त्याच्यासारखं औषध नाही. गौराक्का शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "समदं पुसू नका," त्या म्हणाल्या. "कडंला एक टिपका ऱ्हाऊ द्या." मी दातांपासून लांब, कोपऱ्यावर एक टिपका ठेवला. तो अजून आहे.

त्याच पूजेत त्यांनी आणखी एक काम केलं होतं. आठ शेपट्या ओळखू याव्यात म्हणून पहिल्यापासून एकेका शेपटीला एकेका रंगाचा धागा बांधलेला होता. ते धागे तेलानं आणि धुळीनं काळे पडले होते. सणाला असलं मळकं बांधून ठेवायचं नाही म्हणून गौराक्कांनी ते काढून टाकले आणि नवे रेशमी धागे बांधले. ज्या मागावर ज्या रंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढलेला होता त्याच रंगाचा धागा त्या शेपटीला. इतकं नेटकं काम मी कुठल्या कारखान्यात बघितलं नव्हतं. मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं आणि कॉम्प्युटरमध्ये शेपट्यांना तीच नावं दिली. हिरवी, कुंकवी, जांभळी अशी.

खोडरबरानं काम केलं. लिनक्सनं कार्ड ओळखलं. पण तोंडं उघडली चारच. उरलेली चार बंद. पुन्हा सुरू केलं, तरी चारच. पडद्यावर प्रत्येक बंद तोंडापुढे एक चूक दिसायची, अठ्ठावीस नंबरची. तिचा अर्थ शोधला तर निघाला, जागा शिल्लक नाही.

मी लगेच डिस्क तपासली. अण्णांची सगळी जुनी साठवण मी या मशीनमध्ये उतरवली होती, आणि तिच्यात भजनं, कीर्तनं आणि कुस्त्यांचे व्हिडिओ गच्च भरलेले. "अण्णा, ह्या पैलवानांना हलवायला पाहिजे," मी म्हटलं. अण्णांचा जीव कासावीस झाला, पण लेकीच्या लग्नापुढे कुस्ती काय. सगळे पैलवान बाहेर काढले, अर्धी डिस्क मोकळी केली, आणि मशीन सुरू केलं. तोंडं चारच.

मग मी व्यवहारी सल्ला दिला. "सुजाताच्या मागाची केबल चालू शेपटीला जोडूया. तिचं पातळ आज सुरू होईल. बाकीच्यांचं मागनं बघू."

अण्णा कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. "तसं न्हाय व्हायचं, आक्का. आमच्यात लेकीचं पातळ लावताना शेडमधला एक बी माग गप ऱ्हात न्हाय. आठी माग चाललं पाहिजेत, मगच नारळ फुटतोय. आमच्या आत्याच्या टायमाला झालं, माझ्या भनीच्या टायमाला झालं. घरातलं एक माणूस उपाशी असताना पंगत बसत्या व्हय?"

आता माझी पंचाईत झाली. चार तोंडांवर ते पातळ विणलं जाणार नव्हतं, आणि पोरगी दुकानातलं नेसायला तयार नव्हती. "मावशी, लोंब्या राहिल्या तर राहू देत," असं ती तोंडानं म्हणायची आणि नक्षीची फाइल दिवसातून दहादा उघडून बघायची. यूएसबीचे आयते जोड मिळतात, तेही मी करून बघितले. लांब केबलीवर त्यांचा दम संपायचा आणि नक्षी मधेच तुटायची. दुसऱ्याच एका मागावर करून बघितलं तर लोंबी आली ती अर्धीच, उंदरानं खाल्ल्यासारखी. गौराक्का ते बघून उठून आत गेल्या. मला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

शेवटी मी लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या पानावर माझं गाऱ्हाणं मांडलं. इंग्रजी माझं कामापुरतं, पण यंत्राची भाषा सगळीकडे सारखी. कुठल्यातरी थंड देशातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं उत्तर दिलं. आधी उलट प्रश्न. आजच्या काळात आठ सिरियल पोर्ट कुणाला लागतात? मी लिहिलं, लग्नाचं पातळ विणायला. त्याला बहुधा मी चेष्टा करतेय असं वाटलं, कारण त्यानं फोटो मागितला. मी शेडचा, मागांचा आणि कुंकवाच्या टिपक्यासकट कार्डाचा फोटो पाठवला. त्यानंतर तो माणूस पार बदलला. सविस्तर लिहून कळवलं.

जागा नाही हे खरं, पण ती डिस्कवरची जागा नव्हे. लिनक्स सुरू होतानाच सिरियल पोर्टसाठी चार खुर्च्या मांडून ठेवते, कारण साध्या माणसाला त्याहून जास्त कधी लागत नाहीत. पाचवा आला की त्याला सांगते, जागा नाही. सुरू होतानाच्या सूचनांमध्ये एक ओळ घाल, खुर्च्या आठ मांड. बस्स. पैलवानांचा यात काडीचा संबंध नव्हता.

मी ती ओळ घातली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. अण्णा, गौराक्का, सुजाता पाठीमागे उभे. पडद्यावर नावं येत गेली. पाचवं आलं तेव्हा सुजातानं माझा खांदा धरला. आठवं आलं तेव्हा मी उठून उभी राहिले आणि काहीतरी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारच्या शेडमधले दोघे धावत आले. एवढ्याशा ओळीसाठी एवढा आनंद व्हावा का? व्हावा. मला तरी माझ्या कामात याहून मोठा आनंद माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त. मी शेडशेजारच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी बसले. आत अण्णा मागांची तयारी करत होते. मी दारातून विचारलं, "अण्णा, सुजाताचं पातळ कुठल्या शेपटीवर?"

अण्णा वळलेही नाहीत. "हिरव्या!"

मी हिरव्या शेपटीवर लोंब्या पाठवल्या, बाकीच्या सात शेपट्यांवर रोजची कोयरी. लग्नाचं पातळ हिरवं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आठही माग सुरू झाले. तो आवाज ऐकलाय कधी? बोलणाऱ्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. अण्णांनी कोपऱ्यातल्या मागासमोर नारळ फोडला, गौराक्कांनी अक्षता टाकल्या, आणि सगळे त्या मागाकडे डोळे लावून उभे राहिले. पदरापासून विणायला सुरुवात होती. बराच वेळ झाला तरी लोंबी दिसेना. मग नक्षी उमटायला लागली, आणि ती निघाली कोयरी.

कुणाला काही सुचायच्या आत दाराजवळच्या मागापासून सुजाता जोरात हात हलवायला लागली. अण्णांनी माग थांबवायची खूण केली. शेड शांत झाली आणि तिचा आवाज ऐकू आला.

"अण्णा, माझी लोंबी हितं उगवल्या!"

झालं होतं ते असं. कोपऱ्यातल्या मागाला त्या घरात पहिल्यापासून 'हिरवा माग' म्हणतात. केबली पहिल्यांदा ओढल्या तेव्हा त्याच्यावर हिरवा ताणा होता, म्हणून त्याच्या शेपटीला हिरवा धागा. पुढे त्याच्यावर सगळे रंग चढले आणि उतरले, नाव तेच राहिलं. सुजातासाठी अण्णांनी त्यावर कुंकवी रेशीम चढवलं होतं. गौराक्कांनी सणाला त्याला कुंकवी धागा बांधला, आणि हिरवा धागा गेला दाराजवळच्या मागाच्या शेपटीला, कारण हिरवा ताणा आता तिथं होता. अण्णा जुन्या नावानं बोलले, मी नव्या धाग्यावर गेले.

"मळका धागा ठेवायचा हुता व्हय सणाला?" गौराक्का म्हणाल्या.

"बदललास तर सांगायचं न्हाय व्हय?" अण्णा.

"ह्या बाईनं एवढं वाखाणलं, तवा तुम्ही हितंच हुता की!"

मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी कार्डाकडे बघितलं. कार्ड बिचारं आठही तोंडांनी निमूट काम करत होतं.

पण गौराक्कांचा चेहरा उतरला होता, आणि तो काही माझ्या चुकीमुळे नव्हे. लेकीच्या लग्नाच्या ताण्यावर पहिली नक्षी दुसरीच पडली, हा अपशकुन तर नाही ना? अक्षतांची वाटी हातात तशीच धरून त्या उभ्या राहिल्या. सुजाता आईकडे बघत होती. मला वाटलं, मी सगळ्यांचं सगळं घालवलं.

अण्णांनी कुंकवी कापडावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "चालू दे. खणाएवढं हूस्तवर कोयरीच चालू दे. ह्यो पयला खण देवीच्या वटीला. मग लेकीचं पातळ. पयला मान देवीचाच की. आम्हीच इसरलतो, तिनं आठवण करून दिली."

"आन हिरवं?" गौराक्कांनी विचारलं.

"सुरू झालेलं पातळ मधी तोडत्यात व्हय? त्ये बी हूं दे."

गौराक्कांनी वाटीतल्या अक्षता परत एकदा टाकल्या, या खेपेला दोन्ही मागांवर. आठही माग पुन्हा सुरू झाले. खण उतरल्यावर मी शेपटी बघून, अण्णांना हाताला धरून तिथं उभं करून, कुंकवीवर लोंब्या पाठवल्या. संध्याकाळी सुजाताच्या पदरावर पहिली लोंबी पूर्ण झाली. वाकडी, भरलेली. तो फोटो मी त्या थंड देशातल्या गृहस्थाला पाठवला. त्यानं कळवलं की त्यानं तो बायकोला दाखवला, आणि आता तिला तशी साडी हवी आहे.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात अण्णा दुकानात आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. वडगावातल्या शेडी कशा बंद होत चालल्यात ते बोलले. शेजारच्यांचे माग भंगारात गेले, पोरं कारखान्यात लागली. "आमची पोर जाणार, मग नक्षी कोण काढणार?" मी म्हटलं, ती जांबोटीहून पाठवेल की. "पाठवंल. देवळाच्या टेकाडावर गेली की रेंज येत्या म्हणं." दोघंही हसलो, पण मला आतून बरं वाटलं नाही. मी ज्या तोंडांना बोलतं करते ती एकेक करून कायमची बंद होतात, हे मला रोज दिसतं. त्याचं वाईट वाटतं, आणि वाटायलाच पाहिजे.

जाताना त्यांनी काउंटरवर एक पुडकं ठेवलं. "चूक कुणाची त्ये काय ठरलं न्हाय. पातळ कुणाचं त्ये मातर ठरलंय. पोरगी म्हणाल्या, नेसूनच या."

लग्नाला मी सकाळच्या बसनं जांबोटीला गेले. दारात मांडव, अंगणापलीकडे भाताच्या गंजी, गोठ्यात म्हशी पाहुण्यांकडे टकामका बघत होत्या. सुजाता कुंकवी पातळात आणि मी हिरव्या. नक्षी तीच, धागा न धागा तीच. जगात तिसरं तसं पातळ नाही. मला जरा चोरट्यासारखं झालं. नवरीसारखं नेसून लग्नाला येणारी ही कोण, असं बायका बघत होत्या. मी एका खांबाच्या आडोशाला उभी राहिले.

नवऱ्या मुलाच्या आजीला डोळ्यांनी कमी दिसतं. तिनं सुजाताचा पदर हातात घेऊन चाचपला. "लोंबी हाय व्हय गं ही? भरल्या की चांगली." मग अंदाजानं पुढे येता येता तिचा हात माझ्या पदराला लागला. तिनं तोही चाचपला आणि थांबली.

"आगं, ही बी लोंबीच. तू नवरीची कोण गं? मावशी? आत्या?"

आयुष्यभर 'इंजिनियर कुठाय' विचारणाऱ्यांना मी तयार उत्तरं दिली. हा प्रश्न मात्र नवा होता. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, असं काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात गौराक्का पुढे आल्या.

"आज्जी, आठ माग हैत आमच्यात. ही नववी. ही गप बसली की आमचं काय बी चालत न्हाय."

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी मांडवाच्या दोऱ्यांकडे बघत राहिले. आजीनं माझा पदर काही सोडला नाही. तसाच धरून तिनं मला खांबाआडून ओढून काढलं.

"मग हितं का उभी? घरातलं माणूस उभं असताना पंगत कशी सुरू व्हायची?"

पानं वाढलेली होती. मी सुजाताच्या शेजारी, पहिल्या पंगतीला बसले.